आकाशातून लढलेले युद्ध आणि जमिनीवरचा भाव

अमेरिकेच्या सैन्यदलांतून निवृत्त झालेल्या वैमानिकांचे जे परिचय त्या देशात छापून येतात, त्यांत गेल्या चार दशकांत एक ओळ रूढ होऊन बसली आहे : 'परदेशात अंमली पदार्थविरोधी कामगिरी'. व्हिएतनाम, ग्रेनाडा, पनामा, इराक या नावांच्या शेजारी ही ओळ निमूटपणे उभी असते. इतर रणांगणांना नाव आहे, सुरुवातीची आणि शेवटची तारीख आहे. या रणांगणाला दोन्ही नाहीत. शत्रू कोण, युद्ध कोणी जाहीर केले, ते संपले केव्हा आणि जिंकले कोणी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत सापडत नाही. असे असूनही हजारो वैमानिकांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे त्या एका ओळीत सामावली आहेत. एक सामाजिक व्याधी हे सैन्याचे काम कसे झाले, त्या कामाचा एक पेशा कसा बनला आणि त्या पेशाने नेमके काय साधले, याचा हिशेब मांडणे म्हणूनच अगत्याचे आहे. तो हिशेब भावनेचा नाही. बराचसा अर्थशास्त्राचा आहे आणि उरलेला जबाबदारीचा आहे.

नागरी पोलिसांची कामे सैन्याने करू नयेत, असा अमेरिकेत १८७८ सालचा कायदा आहे. यादवी युद्धानंतरच्या अनुभवातून तो जन्माला आला. या कायद्याची पहिली मोठी गाठ १९८१ साली सैल करण्यात आली आणि सैन्याची साधने, प्रशिक्षण व माहिती पोलिसी यंत्रणांना देण्याची वाट मोकळी झाली. एप्रिल १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी एका आदेशान्वये अंमली पदार्थांचा व्यापार हा राष्ट्रीय सुरक्षेला असलेला धोका ठरवला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै १९८६ मध्ये, सहा ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे आणि सुमारे १६० अमेरिकी सैनिक बोलिव्हियात उतरले. कोकेन बनवणाऱ्या जंगलातील प्रयोगशाळा शोधून त्या उद्ध्वस्त करणाऱ्या बोलिव्हियन पोलिसांना वाहून नेणे, हे त्यांचे काम. चार महिन्यांनी ते परत गेले. ते तेथे होते तोवर कोकाच्या पानांचा भाव कोसळला. ते गेल्यावर तो पुन्हा सावरला. पुढील चाळीस वर्षांची सारी कथा या चार महिन्यांत बीजरूपाने दिसून येते. त्यानंतर १९८८ साली झालेल्या कायद्याने आकाशातून आणि समुद्रावरून होणारी चोरटी वाहतूक शोधण्याची प्रमुख जबाबदारी संरक्षण खात्याकडे सोपवली. सैन्यातील वैमानिकाला आता या कामाचा रीतसर हुद्दा मिळाला.

माणसांबरोबर यंत्रेही या नव्या कामावर रुजू झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पेरूच्या हवाई दलाने चोरट्या विमानांचा पाठलाग करण्यासाठी जी ए-३७ विमाने वापरली, ती मुळात व्हिएतनाममधील बंडखोरांवर हल्ले करण्यासाठी अमेरिकेत घडवली गेली होती. कोलंबियात कोकाच्या शेतांवर तणनाशक फवारणारी ओव्ही-१० ब्राँको विमाने आणि त्यांच्या सोबतीला उडणारी ह्यूई हेलिकॉप्टरेदेखील त्याच युद्धातून आलेली. जंगलावर विमानातून रसायन शिंपडून शत्रूचा आसरा नष्ट करायचा, ही कल्पनाही तेथलीच. १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामच्या अरण्यांनी ती भोगली होती. रसायन निराळे होते, दृष्टी तीच होती. खालच्या जमिनीवर राहणारी माणसे या दृष्टीत बसत नाहीत. वरून दिसतो तो केवळ हिरवा रंग, आणि तो नष्ट करायचा असतो.

या दृष्टीची परिणती काय होते, हे २० एप्रिल २००१ रोजी पेरूच्या आकाशात दिसून आले. ब्राझील आणि कोलंबियाच्या सीमेलगतच्या भागातून इक्विटोसकडे एक छोटे सेसना विमान येत होते. पाण्यावर उतरणारे. त्यात एक अमेरिकी मिशनरी जोडपे, त्यांचा लहान मुलगा, सात महिन्यांची मुलगी आणि वैमानिक होते. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेसाठी, म्हणजे सीआयएसाठी, उडणाऱ्या एका टेहळणी विमानाने ते हेरले. त्या टेहळणी विमानात कंत्राटी अमेरिकी चमू होता आणि पेरूच्या हवाई दलाचा एक संपर्क अधिकारी होता. अमेरिकनांना स्पॅनिश पुरती येत नव्हती. अधिकाऱ्याला इंग्रजी पुरती येत नव्हती. हे विमान चोरट्यांचे नसावे, अशी शंका अमेरिकी चमूने बोलूनही दाखवली. ती ध्वनिमुद्रणात नोंदली गेली आहे. सेसनाचा वैमानिक इक्विटोसच्या नियंत्रण कक्षाशी निराळ्या ध्वनिलहरींवर बोलत होता. परंतु तोपर्यंत पेरूच्या ए-३७ विमानाने गोळ्या झाडल्या होत्या. आई आणि तान्ही मुलगी जागीच मेली. पायाला गोळ्या लागलेल्या वैमानिकाने पेटते विमान ॲमेझॉनच्या पात्रात उतरवले आणि वाचलेल्यांना नदीकाठच्या गावकऱ्यांनी होड्यांतून बाहेर काढले.

या घटनेला अपघात म्हणून सोडून देता येत नाही. कारण तिच्यामागे सात वर्षांचा कायदेशीर इतिहास आहे. नागरी विमान हवेत असताना त्यावर शस्त्र चालवू नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारात १९८४ साली स्पष्ट शब्दांत घालण्यात आले. आदल्याच वर्षी सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि अमेरिकेने त्याविरुद्ध साऱ्या जगात आवाज उठवला होता. पुढे दहा वर्षांनी पेरू आणि कोलंबिया ही राष्ट्रे संशयित विमाने पाडू लागली, तेव्हा अमेरिकेच्याच कायदेतज्ज्ञांनी आपल्या सरकारला बजावले की, त्यांना विमानांचा ठावठिकाणा पुरवणारे आपले अधिकारीही आपल्याच कायद्यान्वये दोषी ठरू शकतात. मे १९९४ मध्ये माहिती पुरवणे थांबवण्यात आले. येथे एक संधी होती : तत्त्वानुसार धोरण बदलण्याची. प्रत्यक्षात धोरणानुसार कायदा बदलण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने तरतूद करून घेतली की, अध्यक्षांनी एखाद्या देशाची कार्यपद्धती समाधानकारक असल्याचा निर्वाळा दिला, तर अशा मदतीबद्दल कोणालाही दोषी धरले जाणार नाही. डिसेंबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी पेरूच्या बाबतीत तसा निर्वाळा दिला. संरक्षण मिळाले ते माहिती देणाऱ्याला. विमानात बसलेल्याला नव्हे.

त्या बदल्यात कार्यपद्धती मात्र कागदावर निर्दोष होती. आधी विमानाच्या शेपटीवरील क्रमांक पडताळायचा, मग रेडिओवरून हाक द्यायची, पंख हलवून खूण करायची, इशाऱ्याच्या गोळ्या झाडायच्या, आणि यांतले काहीच लागू पडले नाही तरच विमान पाडायचे. सीआयएच्या महानिरीक्षकांनी पुढे जी चौकशी केली, तिचे निष्कर्ष २००८ साली बाहेर आले. १९९५ ते २००१ या काळात या कार्यक्रमात पंधरा विमाने पाडण्यात आली होती. ठरलेल्या पायऱ्या वारंवार गाळल्या गेल्या होत्या. अनेक प्रसंगी विमान दिसल्यापासून दोन-तीन मिनिटांत ते पाडले गेले होते. आणि हे वरिष्ठांना ठाऊक असूनही वर खरी माहिती कळवली गेली नव्हती. फौजदारी खटला कोणावरही भरला गेला नाही. सोळा जणांवर खातेनिहाय कारवाई झाली. मिशनरी कुटुंबाला आणि वैमानिकाला मिळून ऐंशी लाख डॉलरची भरपाई देण्यात आली.

आमच्या वाचकांनी या आकड्यांपाशी क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. पंधरा विमानांपैकी एका विमानातील मृतांसाठी चौकशी झाली, संसदेत सुनावणी झाली, भरपाई मिळाली. उरलेल्या चौदा विमानांत कोण होते? त्यांत चोरटे व्यापारी असतीलही, बहुधा होतेच. परंतु ते होते, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नाही. ज्या पायऱ्या पंधराव्या विमानाच्या बाबतीत गाळल्या गेल्या, त्याच आधीच्यांच्या बाबतीतही गाळल्या गेल्या होत्या. सात महिन्यांच्या एका अमेरिकी मुलीचा जीव गेला नसता, तर हे जगाला कळलेही नसते. ज्यांच्या मृत्यूची किंमत कोणाला मोजावी लागत नाही, त्यांच्यावर गोळी झाडण्यापूर्वीची सावधगिरी हळूहळू गळून पडते. यात वैमानिकाच्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही. व्यवस्थेचीच ती रीत आहे.

गोळी झाडणारा हात एकाचा, हेरणारा डोळा दुसऱ्याचा आणि पैसा तिसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात आणखी एक भर पडली ती कंत्राटाची. २००० साली क्लिंटन सरकारने 'प्लॅन कोलंबिया' या नावाखाली सुमारे १३० कोटी डॉलरची मदत मंजूर केली. तिचा मोठा भाग हेलिकॉप्टरांवर आणि सैन्यावर खर्च होणार होता. व्हिएतनामची आठवण ताजी असलेल्या संसदेने कोलंबियात एका वेळी किती अमेरिकी असावेत यावर मर्यादा घातली : ५०० सैनिक आणि ३०० कंत्राटी माणसे. २००४ साली ती मर्यादा अनुक्रमे ८०० आणि ६०० वर नेण्यात आली. कंत्राटी माणसांचा आकडा दुप्पट झाला, हे विशेष. सैन्यातून निवृत्त झालेल्या वैमानिकाला येथे दुसरी कारकीर्द मिळाली. काम तेच, आकाश तेच. फक्त गणवेश नाही आणि पगार खासगी कंपनीचा. डाइनकॉर्पसारख्या कंपन्या फवारणीची विमाने उडवत होत्या. सैनिक मेला की त्याची शवपेटी राष्ट्रध्वजात गुंडाळून येते आणि संसदेत प्रश्न विचारला जातो. कंत्राटी माणूस मेला की कंपनीच्या दप्तरात नोंद होते.

१३ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबियाच्या दक्षिण भागात टेहळणी करणारे एका कंत्राटदार कंपनीचे एकच इंजिन असलेले विमान यंत्र बंद पडून कोसळले. अमेरिकी वैमानिक हा सैन्यातून निवृत्त झालेला होता. तो आणि एक कोलंबियन सैनिक यांना फार्क या बंडखोर संघटनेच्या लोकांनी ठार केले आणि तिघा अमेरिकनांना जंगलात ओढून नेले. त्यांचा शोध घेणारे दुसरे विमान पुढच्याच महिन्यात कोसळले. त्यात आणखी तिघे मेले. ओलीस धरलेले तिघे पाच वर्षांहून अधिक काळ जंगलात साखळदंडांत राहिले. जुलै २००८ मध्ये कोलंबियाच्या सैन्याने त्यांची सुटका केली. डोंगराळ मुलखावर एकाच इंजिनाचे विमान उडवणे धोक्याचे होते, हे उडवणाऱ्यांना कळत नव्हते असे नव्हे. परंतु कंत्राटात जोखीम ही श्रमिकाने उचलायची असते आणि नफा मालकाने. कापड गिरणीतील कंत्राटी कामगाराला हे सांगावे लागत नाही. ॲमेझॉनवरून उडणाऱ्या वैमानिकालाही ते शेवटी तसेच कळले. त्याच्याविषयी आम्हांला राग नाही. तोही या यंत्राचा एक सुटा भागच होता.

आता या साऱ्या खटाटोपाने साधले काय, ते पाहू. हवाई नाकेबंदीचा सर्वांत मोठा विजय म्हणून पेरूचे उदाहरण दिले जाते आणि ते खोटे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार १९९५ साली पेरूत सुमारे १ लाख १५ हजार हेक्टरांवर कोका होता; १९९९ पर्यंत तो ३९ हजारांच्या आसपास आला. विमाने पाडली जाऊ लागल्यावर पेरूचा माल कोलंबियात नेणारे वैमानिक मिळेनासे झाले, जे मिळाले त्यांची बिदागी भरमसाट वाढली, आणि खरेदीदार नाही म्हणून पानांचा भाव पडला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र येथेच न थांबता शेजारच्या रकान्याकडे पाहावे. याच काळात कोलंबियातील कोका सुमारे ५१ हजार हेक्टरांवरून १ लाख ६० हजारांवर गेला. पेरू, बोलिव्हिया आणि कोलंबिया या तिन्ही देशांची बेरीज केली तर १९९५ साली ती सुमारे २ लाख १५ हजार हेक्टर होती आणि १९९९ साली सुमारे २ लाख २० हजार. चार वर्षे, पाडलेली विमाने, आणि बेरीज जिथल्या तिथे. पाने आयात करणे महाग पडू लागले, तेव्हा व्यापाऱ्याने ती घरीच पिकवली, इतकेच.

मग कोलंबियावर फवारणी सुरू झाली. १९९४ ते २०१५ या काळात तेथील सुमारे १८ लाख हेक्टर क्षेत्रावर विमानांतून ग्लायफोसेट हे तणनाशक शिंपडण्यात आले. २००६ या एकाच वर्षी सुमारे १ लाख ७२ हजार हेक्टरांवर. वाऱ्याने उडालेले रसायन कोका आणि मका यांत भेद करत नाही. केळी, कसावा, मका करपल्याच्या तक्रारी गावोगावाहून आल्या. सीमेपलीकडच्या इक्वाडोरने २००८ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि २०१३ साली दीड कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मार्च २०१५ मध्ये हे रसायन 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातल्यावर कोलंबियाने त्याच वर्षी हवाई फवारणी थांबवली. दरम्यानच्या काळात कोकाचे क्षेत्र उतरले होते, हे मान्य केले पाहिजे; २०१३ साली ते ४८ हजार हेक्टरांपर्यंत खाली आले. परंतु शेतकऱ्याची परिस्थिती न बदलता मिळवलेला तो उतार टिकला नाही. २०२३ साली ते २ लाख ५३ हजार हेक्टर होते. प्लॅन कोलंबिया सुरू झाला, त्या वर्षाच्या दीडपटीहून अधिक.

असे का होते, याचे उत्तर भावाच्या रचनेत आहे. अमेरिकेच्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या कोकेनच्या किरकोळ किमतीत पाने पिकवणाऱ्याचा वाटा शंभरात एक-दोनच्या पलीकडे जात नाही. उरलेला सारा भाग हा जोखमीचा मोबदला आहे : नेणाऱ्याचा, लपवणाऱ्याचा, लाच देणाऱ्याचा, पिस्तूल बाळगणाऱ्याचा. समजा, फवारणीने पानांचा भाव दुप्पट झाला; गिऱ्हाइकाला पडणारी किंमत त्याने एक-दोन टक्क्यांनी वाढेल. ते गिऱ्हाईक व्यसनी आहे, त्याला ही वाढ जाणवणारही नाही. उलट दुप्पट भावाची बातमी डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला मात्र तत्काळ जाणवेल आणि तो जंगल तोडून नवे शेत काढील. म्हणजे विमान जेवढे परिणामकारक, तेवढे ते नव्या लागवडीला आमंत्रण देणारे. या युद्धाच्या पहिल्या दोन दशकांत, १९८१ नंतर, अमेरिकेत कोकेनची किंमत महागाई वजा जाता निम्म्याहूनही खाली गेली, हा या तर्काचा पुरावा आहे. टंचाई निर्माण करण्यासाठी लढले गेलेले युद्ध चालू असताना माल स्वस्त होत गेला.

शेतकरी कोका का लावतो, याचेही उत्तर विमानातून दिसत नाही. कोकाची पाने वर्षातून तीन-चारदा खुडता येतात, सुकली की हलकी होतात, नासत नाहीत, आणि व्यापारी रोख पैसे घेऊन दारात येतो. केळीचा घड रस्ता नसलेल्या गावातून बाजारात पोहोचेपर्यंत कुजतो. राहता राहिली कॉफी. जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडून पडली. भाव सावरून धरणारा तो करार टिकवण्यात अमेरिकेला स्वारस्य उरले नव्हते. थोड्याच काळात कॉफीचा भाव निम्म्यावर आला आणि ॲन्डीज पर्वताच्या उतारांवरील लाखो लहान शेतकऱ्यांचे एकमेव कायदेशीर नगदी पीक तोट्यात गेले. याच वर्षीच्या सप्टेंबरात अध्यक्ष बुश यांनी ॲन्डीजमधील देशांसाठी पाच वर्षांची, सुमारे २२० कोटी डॉलरची अंमली पदार्थविरोधी योजना जाहीर केली. एका हाताने कॉफीचा भाव सोडून द्यायचा आणि दुसऱ्या हाताने हेलिकॉप्टर पाठवायचे! मुक्त बाजारपेठेच्या तत्त्वज्ञानाला यातील विसंगती दिसली नाही. कारण शेतमालाच्या भावाला आधार देणे हा त्या तत्त्वज्ञानात गुन्हा आहे, हेलिकॉप्टर विकणे हा नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. चोरट्या टोळ्यांनी कोलंबियात न्यायाधीश मारले, मंत्री मारले, अध्यक्षपदाचे उमेदवार मारले. अशा टोळ्यांपुढे राज्यसंस्थेने हात जोडून बसावे काय? नाही, मुळीच नाही. टोळ्यांना पकडणे, त्यांचा पैसा गोठवणे, त्यांना न्यायालयापुढे उभे करणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु पोलिसी कर्तव्य आणि युद्ध यांत मूलभूत फरक आहे. पोलिसी कर्तव्यात संशयितावरचा आरोप सिद्ध करावा लागतो. युद्धात संशय पुरेसा असतो. शिवाय टोळ्यांची ताकद ज्या नफ्यातून येते, तो नफा युद्धाने घटत नाही. जोखीम वाढली की नफाही वाढतो.

हे केवळ समाजवाद्यांचे म्हणणे आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील रँड या संस्थेने, जिचा संरक्षण खात्याशी जुना संबंध आहे, १९९४ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. त्याच्या पुरस्कर्त्यांत अमेरिकेचे सैन्यही होते. कोकेनचे सेवन एक टक्क्याने कमी करायचे असेल तर कोणत्या मार्गाने किती जादा खर्च येईल, हा प्रश्न. उत्तर असे आले : उगमाच्या देशांत पीक व प्रयोगशाळा नष्ट करण्याच्या मार्गाने वर्षाला ७८.३ कोटी डॉलर. वाटेत माल अडवण्याच्या मार्गाने ३६.६ कोटी, देशांतर्गत पोलिसी कारवाईने २४.६ कोटी, आणि व्यसनी माणसांवर उपचार करून ३.४ कोटी. वैमानिकाचा मार्ग उपचाराच्या मार्गापेक्षा तेवीस पटींनी महाग! हा हिशेब हाती असताना सहा वर्षांनी प्लॅन कोलंबिया मंजूर झाला. तेव्हा धोरण अज्ञानातून आले, असे म्हणता येत नाही. हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी संसद सदस्याच्या मतदारसंघात असते. व्यसनी माणसाला मतदारसंघ नसतो.

दुसरा मार्ग शेतातूनही निघू शकतो, हे बोलिव्हियाने काही काळ दाखवून दिले. १९८६ साली जेथे हेलिकॉप्टरे उतरली होती, त्याच देशातील चापारे भागात कोका उत्पादकांच्या संघटना बळावल्या आणि त्यांचे नेते एव्हो मोरालेस २००५ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. 'कोका हो, कोकेन नाही' हे त्यांचे धोरण. चापारेत २००४ साली झालेल्या समझोत्यानुसार प्रत्येक कुटुंबाला एक 'कातो', म्हणजे १,६०० चौरस मीटर, एवढ्याच जमिनीवर कोका लावण्याची मुभा होती आणि मर्यादा पाळली जाते की नाही हे संघटनाच पाहत. अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी खात्याला २००८ साली देश सोडण्यास सांगण्यात आले. अनर्थ होईल, अशी भाकिते झाली. प्रत्यक्षात २०१० साली ३१ हजार हेक्टर असलेला कोका २०१४-१५ पर्यंत २० हजारांच्या आसपास आला. पुढे राजकीय अस्थैर्याच्या काळात तो पुन्हा वाढला, हेही सांगितले पाहिजे. कोणताही मार्ग एकदा आखला की आपोआप चालत राहत नाही. परंतु शेतकऱ्याला गुन्हेगार न मानता त्याला मर्यादेचा रखवालदार केले, तर एकही गोळी न झाडता पीक घटू शकते, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

या अनुभवातून शहाणपण यावयास हवे होते. २ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकी सैन्याने कॅरिबियन समुद्रात एक होडी आकाशातून उडवून दिली. अकरा माणसे ठार झाल्याचे अध्यक्ष ट्रम्प यांनी अभिमानाने जाहीर केले. त्या होडीवरील पहिल्या हल्ल्यातून वाचलेल्यांना दुसऱ्या हल्ल्यात मारण्यात आले, हे पुढे उघड झाले. डिसेंबर २०२५ अखेर कॅरिबियन आणि पॅसिफिक समुद्रांतील अशा हल्ल्यांच्या मृतांची संख्या शंभरावर गेली होती. ऑक्टोबरात एका हल्ल्यातून वाचलेल्या दोघांना त्यांच्या देशी पाठवण्यात आले. त्यांतील एकाला इक्वाडोरने गुन्ह्याचा पुरावा नाही म्हणून सोडून दिले. ज्याला हवेतून मृत्युदंड दिला गेला होता, त्याच्यावर जमिनीवर आरोपसुद्धा ठेवता आला नाही! १९९४ साली निदान पायऱ्या कागदावर तरी लिहाव्या लागल्या होत्या : क्रमांक पडताळा, हाक द्या, इशारा करा. या वेळी होडी अडवून झडती घेण्याची, तटरक्षक दलाची वर्षानुवर्षांची रीतही बाजूला सारली गेली.

आपल्या कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? व्यसन ही आपल्याही समाजाची व्याधी आहे आणि तिच्याविरुद्ध 'युद्ध' पुकारण्याची भाषा आपल्याकडेही टाळ्या मिळवते. ती ऐकली की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. गोळी झाडणारा चुकला तर जबाब कोण देणार? या कारवाईने मालाचा भाव वाढणार की घटणार, आणि वाढला तर तो पैसा कोणाच्या खिशात जाणार? आणि जो सर्वांत खाली आहे, पाने पिकवणारा किंवा पुडी ओढणारा, त्याच्या पोटाची आणि शरीराची सोय कोणी पाहणार की नाही?

१९८६ साली बोलिव्हियाच्या जंगलात सहा हेलिकॉप्टरे उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांविषयी लिहिले होते आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी त्या कामाला आर्थिक बळ दिले होते. त्या केंद्राकडे विमान नव्हते, रडार नव्हते. खाटा होत्या, डॉक्टर होते, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसे दुसऱ्यांचा हात धरायला थांबत होती. हेलिकॉप्टरे चार महिन्यांत परत गेली आणि पानांचा भाव पूर्ववत झाला. पुण्यातले ते काम त्यानंतर अनेक दशके चालू राहिले. एखाद्या समाजाने आपला पैसा आणि आपले तरुण यांपैकी कोणत्या वाटेने पाठवायचे, हा निर्णय तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. तो आपण, मतदार आणि कार्यकर्ते म्हणून, घ्यायचा आहे.